वाकड्या कॅनालची प्रयोगशाळेतली परीक्षा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापूरजवळच्या एका डेंटल कॉलेजात एंडोडोंटिक्स (रूट कॅनाल उपचारांचं शास्त्र) शिकवतो आणि संध्याकाळी राजारामपुरीतल्या दवाखान्यात बसतो. एमडीएसचे (दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीचे) विद्यार्थी, गावोगावचे डेंटिस्ट आणि पेशंटचे नातेवाईक दातांच्या वाकड्या कॅनालबद्दल व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. सुरुवातीचे प्रश्न कुणालाही समजतील. प्रश्न ७ पासून पुढचा भाग मुख्यतः डिझर्टेशन (एमडीएसचा प्रबंध) करणाऱ्यांसाठी आहे.

१. रूट कॅनाल म्हणजे दाताची नस काढायची. मग त्यात हे "वळण" कुठून आलं?

दाताच्या मुळातून नस ज्या बारीक नळीतून जाते ती नळी म्हणजे कॅनाल, आणि ती सरळ असेलच असं नाही. खालच्या पहिल्या दाढेचं पुढचं मूळ घ्या. त्यात बहुधा दोन कॅनाल असतात आणि दोन्ही टोकाकडे जाताना मागे वळतात. नस काढल्यावर ही नळी फाइलनं थोडी रुंद करून, धुऊन, शेवटी भरायची असते. फाइल म्हणजे धातूची बारीक, काटेरी तार. तार स्वभावानं सरळ आणि नळी वाकडी, म्हणून ती रुंद करताना मूळचं वळण जसंच्या तसं राहिलं का हे तपासावं लागतं.

२. वळण बिघडलं म्हणजे नेमकं काय होतं?

25 नंबरची (टोकाशी 0.25 मिमी जाड) स्टीलची फाइल दोन बोटांत धरून वाकवून बघा, ती परत सरळ व्हायला धडपडते. कॅनालमध्येही ती तेच करते. टोकाजवळ ती वळणाच्या बाहेरच्या भिंतीला रेटते आणि मधल्या भागात आतल्या भिंतीला. त्यामुळे टोकाशी नळी एका बाजूला ओढली जाऊन अश्रूच्या थेंबासारखी होते. त्याला आम्ही झिप म्हणतो. त्याच्या जरा वर नळी चिंचोळी राहते, तो एल्बो. फाइल टोकापर्यंत पोचलीच नाही आणि बाहेरच्या भिंतीत पायरी पडली, तर ते लेज. हे प्रकार वाइन आणि सहकाऱ्यांनी 1975 मध्ये पारदर्शक रेझिनच्या कॅनालमध्ये डोळ्यांना दिसतील असे दाखवले.

सगळ्यात वाईट नुकसान मधल्या भागात होतं. खालच्या दाढेच्या पुढच्या मुळाची मागची भिंत, म्हणजे दोन मुळांच्या बेचक्याकडची बाजू, मुळातच पातळ असते. बऱ्याच दातांत ती एक मिलिमीटरही भरत नाही. तिथे फाइल घासत राहिली तर उभी चीर पडावी तसं भोक पडतं. ते बुजवणं अवघड असतं आणि पुष्कळदा दाढ गमवावी लागते.

३. वळण मोजतात कसं?

सगळ्यात जुनी आणि आजही वापरात असलेली पद्धत श्नायडर यांची, 1971 सालची. कॅनालमध्ये बारीक फाइल घालून एक्स-रे काढायचा. तोंडाकडून कॅनालच्या सरळ भागाला धरून एक रेघ मारायची. कॅनाल जिथे त्या रेघेपासून सुटतो तिथून टोकापर्यंत दुसरी रेघ. या दोन रेघांमधला कोन म्हणजे वळण. 5 अंशांपर्यंत सरळ, 10 ते 20 मध्यम आणि 25 च्या पुढे तीव्र, अशी त्यांची वर्गवारी आहे.

पण कोनावरून सगळं कळत नाही. गगनबावड्याहून करूळ घाटानं खाली उतरताना काही वळणं ऐसपैस असतात, काही इतकी चिमटलेली की एसटीला थांबून गिअर बदलावा लागतो. दोन्ही वळणांत रस्ता तेवढाच फिरलेला असू शकतो, फरक त्रिज्येचा असतो. प्रुएट आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये कोनाबरोबर त्रिज्याही मोजायला सुरुवात केली ती याचसाठी. 40 अंशांचं वळण 10 मिमी त्रिज्येचं असेल तर फाइल सुखानं जाते, 3 मिमी त्रिज्येत तीच फाइल लवकर थकते. डिझर्टेशनमध्ये नुसता कोन लिहिलेला असला की मी सिनॉप्सिस परत देतो.

४. हे सगळं प्रयोगशाळेतच का? थेट पेशंटवर का तपासत नाही?

पेशंटच्या तोंडातला दात कापून बघता येत नाही. कॅनाल सरकला का, भिंत किती उरली हे कळायला आधीचं आणि नंतरचं रूप शेजारी ठेवावं लागतं, आणि ते बारकाव्यानं बघायला काढलेला दात किंवा रेझिनचा ब्लॉकच लागतो. प्रयोगशाळेत आणखी एक सोय आहे. फाइल, हात, वेग, धुण्याचं पाणी सगळं सारखं ठेवून एकच गोष्ट बदलता येते. या सोयीची किंमतही आहे, ती प्रश्न १४ मध्ये.

५. रेझिनचा ब्लॉक चांगला की खरा दात?

शिकायला ब्लॉक, निष्कर्ष काढायला दात.

ब्लॉकमधले सगळे कॅनाल एकाच कोनाचे आणि एकाच त्रिज्येचे असतात, त्यामुळे तुलना निर्मळ होते. आत काय चाललंय ते उघड दिसतं. पण रेझिन डेंटिनपेक्षा (दाताच्या आतल्या कठीण भागापेक्षा) मऊ असतं, आणि रोटरी (मोटरवर फिरणाऱ्या) फाइलच्या घर्षणानं तापून ते आणखी मऊ पडतं व फाइलच्या खाचांत चिकटतं. कॅनालचा आडवा छेदही गोल असतो. खऱ्या दातात तो लांबट, चपटा, कधी दोन कॅनालना जोडणाऱ्या फटीसकट मिळतो. ब्लॉकमध्ये एक फाइल दुसरीपेक्षा कमी सरकली, एवढंच ब्लॉकवरून म्हणावं. दातात किती मिलिमीटर सरकेल हे त्यावरून सांगू नये.

६. प्रयोगासाठी दात कुठून येतात? माझी काढलेली दाढ दिली तर चालेल का?

चालेल, आणि आभार. हिरडीच्या आजारानं हललेले किंवा इतर उपचाराच्या गरजेनं काढलेले दातच आम्ही घेतो. प्रयोगासाठी म्हणून कुणाचाही दात काढला जात नाही. पेशंटची संमती आणि कॉलेजच्या एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. दातावर नाव राहत नाही, फक्त क्रमांक असतो.

डेंटिस्टना सांगणं: दात कोरडा ठेवू नका. वाळला की डेंटिनला तडे जातात आणि मग ते फाइलनं पडले की वाळल्यामुळे, हे सांगता येत नाही. सलाइनमध्ये किंवा 0.1 टक्के थायमॉलमध्ये ठेवा. निर्जंतुकीकरणासाठी ऑटोक्लेव्हमध्ये 40 मिनिटं, पण अमाल्गम भरलेला दात तिथे घालू नका, पाऱ्याची वाफ निघते. तसे दात वेगळे ठेवून कळवा. बाटलीवर दात काढल्याची तारीख लिहिलीत तर आमचं निम्मं काम होतं.

७. आधीचं आणि नंतरचं रूप शेजारी ठेवायचं म्हणजे करायचं तरी कसं?

तीन वाटा आहेत.

पहिली एक्स-रेची. फाइल घालून आधी आणि नंतर, त्याच कोनातून, त्याच अंतरावरून दोन एक्स-रे काढायचे आणि एकावर एक ठेवायचे. स्वस्त आहे, पण एकाच बाजूनं दिसतं.

दुसरी ब्रामांते आणि सहकाऱ्यांची, 1987 मधली. मला ती फार आवडते, कारण हातानं करता येते. दात रेझिनमध्ये बसवून तो ठोकळा एका घट्ट साच्यात धरायचा. मग ठोकळा काढून दाताचे आडवे काप करायचे, समजा टोकापासून 3, 6 आणि 9 मिमीवर. प्रत्येक कापाचा स्टिरिओमायक्रोस्कोपखाली फोटो घ्यायचा, काप परत साच्यात जसेच्या तसे बसवायचे, फाइलिंग करायचं आणि पुन्हा फोटो. आमचा साचा उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून करून घेतला. ज्यांनी केला त्या मिस्त्रींनी पहिला प्रश्न विचारला, "डॉक्टर, खेळ किती चालंल?" म्हणजे जोडणीत किती सैलपणा खपेल. नेमका तोच प्रश्न होता. काप परत बसताना मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतका जरी हलला, तरी आपण मोजणार तेवढ्याच सरकण्याची चूक त्यात शिरते. आणखी एक गोष्ट विसरतात: डायमंड डिस्क स्वतःच्या जाडीइतका दात खाते. तेवढी जागा भरून काढली नाही तर कॅनालची लांबी कमी होते आणि फाइल टोकाबाहेर जाते.

तिसरी वाट सीटीची. दात न कापता आतून दिसतो. त्यातले भेद प्रश्न १० मध्ये.

८. ट्रान्सपोर्टेशन आणि सेंटरिंग रेशो यांचं गणित सोप्या शब्दांत सांगाल?

गॅम्बिल, ॲल्डर आणि डेल रिओ यांनी 1996 मध्ये मांडलेलं हे गणित आहे. एका कापात कॅनालच्या काठापासून मुळाच्या बाहेरच्या काठापर्यंतची जाडी दोन बाजूंना मोजायची, आधी आणि नंतर.

समजा पुढची भिंत आधी 1.20 मिमी होती, नंतर 1.10 राहिली. मागची, बेचक्याकडची, 0.90 होती ती 0.70 झाली. पुढून 0.10 गेली, मागून 0.20. दोहोंतला फरक 0.10 मिमी, म्हणजे कॅनाल तेवढा बेचक्याकडे सरकला. हे ट्रान्सपोर्टेशन. सेंटरिंग रेशो म्हणजे लहान आकडा भागिले मोठा आकडा: 0.10 भागिले 0.20, म्हणजे 0.5. उत्तर 1 आलं तर फाइल अगदी मध्यात राहिली.

इथवर सगळे येतात. पुढचं मात्र विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगावं लागतं. दोन्ही भिंती 0.30 नं कमी झाल्या तर ट्रान्सपोर्टेशन शून्य आणि सेंटरिंग 1. तक्त्यात ही फाइल पहिली येईल. पण बेचक्याकडची भिंत 0.60 वर आली, वरच्या उदाहरणापेक्षाही पातळ. आता तिसरी शक्यता बघा: फाइलनं त्या कापात एकाही भिंतीला स्पर्शच केला नाही. ट्रान्सपोर्टेशन पुन्हा शून्य! सेंटरिंग काढायला जाल तर शून्य भागिले शून्य, काही सॉफ्टवेअर ती चौकट कोरी सोडतात आणि विद्यार्थी तिथे मुकाट्यानं 1 भरतात. न घासलेली भिंत "उत्तम" ठरते. म्हणून शून्याशेजारी नेहमी दोन आकडे लिहा: उरलेली किमान जाडी, आणि फाइल लागली की नाही.

९. हाताच्या फाइल्स की रोटरी? कुठलं तंत्र जिंकतं?

वळण टिकवण्यात निकेल-टायटॅनियमच्या फाइल्स स्टीलच्या पुढे आहेत. इतके प्रयोग झालेत की यावर आता वाद उरलेला नाही. कारण धातूत आहे. वालिया, ब्रँटली आणि गर्स्टीन यांनी 1988 मध्ये दात सरळ करायच्या निकेल-टायटॅनियमच्या तारेतून 15 नंबरची फाइल घडवली आणि ती स्टीलपेक्षा दोन ते तीन पट लवचीक निघाली.

पण स्टीलमध्ये तंत्रानं फार फरक पडतो, आणि तालुक्याच्या गावी आजही हातच चालतो, म्हणून हे नीट सांगतो. गोल तारेचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. 15 नंबरऐवजी 30 वापरली की टोकाची जाडी 0.15 ची 0.30 मिमी होते, दुप्पटच, पण ताठरपणा सोळापट. म्हणूनच स्टेप-बॅक तंत्रात टोकापर्यंत फक्त लवचीक नंबर नेतात आणि पुढचे जाड नंबर एकेक मिलिमीटर मागे थांबवतात. क्राउन-डाउनमध्ये उलट, आधी वरचा भाग मोकळा करतात, मग टोकाकडच्या फाइलला वाटेत अडथळा होत नाही. रोन यांनी 1985 मध्ये बॅलन्स्ड फोर्स मांडलं: घड्याळाच्या दिशेनं पाव फेरी घेऊन फाइल बसवायची, मग आत हलका दाब ठेवून उलट फिरवायची. उलट फिरताना फाइल मध्यात राहून कापते. मला हातानं काम करताना वळणात सगळ्यात भरवसा याच तंत्राचा वाटतो. नुसतं वर-खाली घासणं वळणाखाली टाळा.

रोटरीत आता उष्णतेनं संस्कार केलेल्या, वाकवल्या तर वाकलेल्याच राहणाऱ्या फाइल्स आहेत. शिवाय यारेद यांच्या 2008 च्या कल्पनेतून आलेल्या, पुढे-मागे असमान फिरणाऱ्या एकाच फाइलच्या पद्धती. त्यांच्यातला फरक प्रयोगांत पुष्कळदा इतका बारीक निघतो की विजेता कोण याला अर्थ उरत नाही (प्रश्न १३ पाहा).

१०. कॉलेजात मायक्रो-सीटी नाही. सीबीसीटीवर डिझर्टेशन होईल का?

होईल, पण मोजमापाची मर्यादा आधी समजून घ्या. दातासाठीच्या सीबीसीटीत (पेशंटसाठी वापरतात तो कोन-बीम सीटी स्कॅन) एक ठिपका साधारण 0.075 ते 0.2 मिमीचा असतो, मायक्रो-सीटीत (प्रयोगशाळेतला अतिबारीक स्कॅन) 0.01 ते 0.03 मिमीचा. तुमचा 0.05 मिमीचा फरक सीबीसीटीच्या एका ठिपक्यातही मावत नाही. तेव्हा सीबीसीटीवर दशांश चिन्हानंतर तीन-तीन अंक छापू नका. सगळ्यात लहान ठिपका निवडा, दात मेणाच्या त्याच साच्यात तसाच बसवून दोन्ही वेळा स्कॅन करा, आणि एकच मोजमाप दोघांनी, काही दिवसांच्या अंतरानं पुन्हा घ्या. नाहीतर प्रश्न ७ मधली ब्रामांतेंची पद्धत घ्या. ती जुनी आहे म्हणून कमी नाही.

११. गट कसे पाडावेत? चिठ्ठ्या टाकल्या तर पुरेल का?

नुसत्या चिठ्ठ्यांनी पुरत नाही, आणि हे मी किंमत मोजून शिकलो. माझ्या स्वतःच्या डिझर्टेशनमध्ये मी चिठ्ठ्या टाकून दात वाटले, काम पूर्ण केलं, आणि आकडे मांडताना लक्षात आलं की 30 अंशांच्या पुढचे बहुतेक दात एकाच गटात पडले होते. त्या गटाची फाइल वाईट दिसत होती, आणि ती खरंच वाईट आहे का हे कळायला मार्ग नव्हता. दात तर कापून झाले होते. सगळं पुन्हा, नव्या दातांवर.

आधी प्रत्येक दाताचा कोन आणि त्रिज्या मोजा (प्रश्न ३), त्यांच्या जोड्या किंवा थर लावा आणि मग प्रत्येक थरातून चिठ्ठ्या टाका. काम सुरू करण्याआधी गटांमधल्या कोनांची तुलना करून तक्त्यात द्या. फाइलिंग एकाच हातानं व्हावं आणि मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. एक रोटरी फाइल किती कॅनालना वापरली तेही लिहा. लिखाणासाठी 2021 ची प्राइल (एंडोडोंटिक्समधले प्रयोगशाळेतले अभ्यास कसे लिहावेत याची) मार्गदर्शक तत्त्वं समोर ठेवलीत तर यातलं काही सुटणार नाही.

१२. फाइल तुटण्याची चाचणी वेगळी असते का?

हो. स्टीलच्या पट्टीत ठरावीक कोनाची आणि त्रिज्येची खाच असते, 60 अंश आणि 5 मिमी ही जोडी पुष्कळ ठिकाणी दिसते. त्यात फाइल तुटेपर्यंत फिरवायची. मिनिटाला 300 फेऱ्यांनी ती 90 सेकंदांत तुटली तर 450 फेऱ्या टिकली. तापमान लिहायला विसरू नका. उष्णतेनं संस्कार केलेल्या फाइल्स खोलीच्या तापमानात जितक्या टिकतात तितक्या शरीराच्या तापमानात टिकत नाहीत. कोल्हापूरच्या जानेवारीतला आणि एप्रिलचा निकालही सारखा येणार नाही.

१३. पी व्हॅल्यू 0.05 पेक्षा कमी आली, म्हणजे माझी फाइल जिंकली ना?

फरक योगायोगाचा नसावा, एवढंच त्यातून कळतं. फरक केवढा आहे ते बघा. 0.04 मिमीनं दाताचं काही बिघडत नाही. टोकाशी 0.3 मिमीच्या पुढे कॅनाल सरकला तर भरण घट्ट बसत नाही, असं गळतीच्या प्रयोगांतून पुढे आलं आहे. म्हणून सरासरीपेक्षा 0.3 ओलांडणारे दात प्रत्येक गटात किती, हे सांगणं जास्त उपयोगाचं.

१४. फाइल मध्यात राहिली म्हणजे कॅनाल साफ झाला, असं धरायचं का?

नाही. पीटर्स आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये वरच्या दाढांवर मायक्रो-सीटीनं पाहिलं तेव्हा, तंत्र कुठलंही असो, कॅनालच्या भिंतीचा 35 टक्के किंवा त्याहून जास्त भाग फाइलनं न लागताच राहिला होता. खालच्या दाढेच्या पुढच्या मुळाचा काप मायक्रोस्कोपखाली बघा: दोन गोल, गुळगुळीत भोकं आणि मध्ये त्यांना जोडणारी फट, तीत नसेचा करडा लगदा जसाच्या तसा. भोकं देखणी आहेत, फटीत फाइल गेलेलीच नाही. तिथे पोचतात ती फक्त सोडियम हायपोक्लोराइट आणि ईडीटीए ही धुण्याची द्रावणं. फाइलनं त्यांच्यासाठी वाट करून द्यायची असते.

शिवाय प्रयोगात दाताचा वरचा भाग बहुधा कापलेला असतो, दात हातात असतो, पाहिजे तसा फिरवता येतो. तोंडात मागच्या दाढेला गाल, जीभ, अपुरं उघडलेलं तोंड. प्रयोगशाळेतलं 0.10 तोंडात 0.10 च राहील असं समजू नका.

१५. एस आकाराच्या किंवा एक्स-रेत न दिसणाऱ्या वळणाचं काय?

एस आकारात श्नायडरचा एक कोन फसवतो, कारण दोन वळणं एकमेकांना खोडतात आणि कॅनाल सरळ भासतो. दोन्ही वळणं स्वतंत्र मोजा. न दिसणाऱ्या वळणाचं नेहमीचं उदाहरण म्हणजे वरच्या दाढेचं टाळूकडचं मूळ. ते पुष्कळदा गालाकडे वळतं, आणि एक्स-रेची किरणंही त्याच दिशेनं जातात, म्हणून फिल्मवर सरळ दिसतं. प्रयोगात दात 90 अंशांत फिरवून दुसरा एक्स-रे घेतलाच पाहिजे. पेशंटमध्ये ते जमत नाही. तिथे तिरका एक्स-रे घ्यावा, आणि बाहेर काढलेल्या बारीक फाइलच्या टोकाला आलेला बाक बघावा.

१६. आईच्या दाढेचं मूळ फार वाकडं आहे म्हणून दाढ काढायला सांगितलं. खरंच काढावी लागेल?

फक्त वळण हे दाढ काढायचं कारण क्वचितच असतं. दाढ वर किती उरली आहे, हाडाचा आधार आहे का, तडा गेलाय का, आईंचं तोंड किती उघडतं, हे आधी बघायला हवं. एक्स-रे घेऊन एंडोडोंटिस्टला एकदा दाखवा. लागला तर सीबीसीटी काढता येतो. "रोटरीनं कराल का?" यापेक्षा "वळण किती आहे आणि तिथे कसं जाणार?" हे विचारा.

१७. माझा गावी छोटा दवाखाना आहे, लॅब नाही. नवी फाइल पेशंटवर वापरण्याआधी मी काय करू शकतो?

काढलेल्या चार खालच्या दाढा प्रश्न ६ प्रमाणे ठेवा. पुढच्या मुळात 10 किंवा 15 नंबरची फाइल टोकापर्यंत घाला, दाढ मेणात बसवून समोरून आणि 90 अंशांत फिरवून असे दोन एक्स-रे घ्या. नव्या फाइलनं काम करा, भरपूर धुवा. मग शेवटच्या नंबरची फाइल आत ठेवून, मेणातल्या त्याच जागी, पुन्हा दोन. चौघींपैकी दोन दाढांचं मूळ टोकापासून 3 मिमीवर आणि मधोमध कापून भिंगाखाली बघा. बेचक्याकडची भिंत किती उरली ते साध्या व्हर्नियरनं मोजून एक्स-रेच्या पाकिटावर लिहून ठेवा. एका रविवारी सकाळी होण्याजोगं काम आहे. फोटो पाठवलेत तर मीही बघेन.